धाकटीच्या पराती

नव्या तांदळाच्या भाताची वाफ पातेल्यातून वर येते तेव्हा तिच्यात एक ओलसर, दुधाळ, किंचित मधुर गंध असतो. कामठ्याच्या आमच्या स्वयंपाकघरात त्या गंधाची स्वामिनी बारा वर्षे मी एकटी होते. मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि तिरोड्याहून सुषमा आली.

माझ्या रांधण्याला तिनं हात लावला नाही. तिनं हाती घेतलं ते रांधून झाल्यानंतरचं, ज्याला मी कधी काम मानलंच नव्हतं. उरलेला भात ती परातीत पातळ पसरायची, वरणाचं पातेलं गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून ढवळायची आणि वाफ सरली की लहान डब्यांतून सारं लगेच फ्रिजमध्ये ठेवायची. तापलेली कढई ओट्याच्या कडेला कधी राहू द्यायची नाही. भिंतीलगत, लाकडी पाटावर सरकवायची. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, धाकटीनं ठेवलेलं अन्न दुसऱ्या दिवशीही ताजं लागतं. ते रांधलं कोणी, हे कोणी विचारत नसे.

मत्सराला केवढी क्षुल्लक निमित्तं पुरतात! तिच्या परातींचा नुसता आवाज आला तरी माझ्या कपाळावर आठी चढे. अन्न झाकून ठेवणं ही काय विद्या? बारा वर्षांत माझ्या हातचं कोणाला बाधलं होतं का?

दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, सुषमा माहेरी गेली. पाहुणे आमच्याकडेही होते, आणि घर पुन्हा माझं झालं या आनंदात मी भल्या सकाळी गंज, म्हणजे आमचं सर्वांत मोठं पातेलं, भरून तांदळाची खीर केली. दुपारी निम्मी उरली. परातींकडे नजर गेली होती, हे मी नाकारणार नाही. पण त्या काढणं म्हणजे तिच्यापुढे मान तुकवणं, असं वाटलं. गंजावर घट्ट झाकण घातलं आणि तो तसाच ओट्यावर ठेवला. संध्याकाळी झाकण काढलं तेव्हा खीर अजून कोमट होती. वास चांगला, चव चांगली. सासूबाईंनी दोन वाट्या आवडीनं खाल्ल्या.

दिवेलागणीनंतर त्यांना उलट्या सुरू झाल्या, आणि सकाळी दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं. मी दुधावर ढकललं. गवळी पंधरा वर्षांपासून ओळखीचा. त्या भल्या माणसावर दोष टाकताना माझी जीभ अडखळलीदेखील नाही.

निरोप मिळताच सुषमा परतली. तिनं पेज केली, निववली, सासूबाईंना भरवली. आणि त्या आजारी डोळ्यांत तिच्यासाठी जे मार्दव उमटलं, ते पाहून मी लाजण्याऐवजी पुन्हा जळले. स्वयंपाकघरात तिनं हळूच विचारलं, "ताई, खीर कायच्यात ठेवली होती?"

"गंजात," मी म्हटलं.

तिनं पुढे काही विचारलं नाही, कोणाला सांगितलंही नाही. तिच्या त्या मौनानं मला दोन दिवस अन्न गोड लागू दिलं नाही. तिनं भांडण केलं असतं तर मी जिंकले असते! तिसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या गवळ्याला दिरानं दारातच बोल लावले. तो खाली मान घालून निघाला, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की दूध चांगलं होतं, खीर न निववता दिवसभर झाकून ठेवली ती चूक माझी होती.

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "मले ठाऊक होतं. तू काऊन लपवून राहिली होतीस, ते समजत नव्हतं."

त्या संध्याकाळी मी सुषमाजवळ बसले. तिनं काही शिकवलं नाही. फक्त एक परात माझ्याकडे सरकवली आणि दुसरीत स्वतः भात पसरू लागली. तिच्या मनगटावर जुन्या भाजल्याचा लांब व्रण होता. ती घरात आल्यापासून तो मी पहिल्यांदाच पाहिला. माहेरी उकळतं तेल ओट्याच्या कडेवरून सांडलं होतं, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निववून ठेवलेलं वरण मी उकळी येईपर्यंत तापवलं आणि सासूबाईंपुढे वाटी ठेवली. त्यांनी ती उचलली, आणि ओठांना लावण्याआधी क्षणभर सुषमाकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली. मग त्या जेवल्या.

ती नजर मला बोचली. अजूनही बोचते. पण त्या नजरेला तेव्हा तरी मीच पात्र होते. म्हणून मी त्यांच्या वाटीत आणखी एक पळी वरण वाढलं आणि त्यांनी ते संपवेपर्यंत तिथंच बसून राहिले.