दात कोणावर गेले

सावंगीच्या दवाखान्यात मी दातांची तार आवळून घ्यायला जायचो. तिथे एकदा आर्वीकडचा भाजीवाला शेतकरी शेजारी बसला. पन्नाशीचा माणूस, तोंडावर दुपट्टा; बोलताना तो सरकला की दातांची तार दिसायची.

"या वयात तार?" मी विचारलं.

"पोरीचे दात माह्यावर गेलते. पोरगी तारेले भेवून राह्यलती, म्हून आधी मी लावली. तिचे झाले सरळ. मी आता काढाले आलो."

"पण तुमचे अजून वाकडेच आहेत!"

"राहू द्या. उद्या तिच्या लेकराचे वाकडे निंगाले, तं आजोबावर गेले म्हनाले कोणी पाह्यजे ना!"

दुपट्टा बाजूला करून तो मोकळा हसला. मी गोंधळलो. माझे दात कोणावर गेलेत, तेच मला आठवेना.