प्रभाताई बसमधून उतरल्या

प्रभा देशकरनं मादाम ओदेतला सकाळी अकराची वेळ दिली होती. दुपारचे दोन वाजले, तरी मंडळाची बस क्वेबेक शहराबाहेरच्या एका आउटलेट मॉलच्या पार्किंगमध्येच उभी होती. प्रभा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिचे कान तापले होते. राग आला की तिचे कान तापतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आज ते अकरा वाजल्यापासून तापलेलेच होते.

ओटावाच्या मराठी मंडळातल्या सीनियर मंडळींची ही दोन दिवसांची सहल. चाळीस माणसं आदल्या सकाळी कनाटा उपनगरातून निघाली होती. सहलीचं सगळं नंदकुमार बघत होता. माणूस वाईट नव्हता. हॉटेल, जेवणं, कुणाला गोड चालत नाही, कुणाला खिडकीची सीट हवी, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असायचं. सहलीच्या पत्रकावर त्यानं मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'जुनं क्वेबेक, कॅथेड्रल आणि अडीचशे वर्षांचं ऐतिहासिक घर'. ते घर मात्र प्रभानं मिळवलेलं होतं. आज सोमवार होता, आणि सोमवारी ते बंद असतं. तिनं चार महिने आधीपासून फ्रेंचमध्ये ईमेल लिहिल्या, फोन केले, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या व्हॉलंटियर बाईंनी, म्हणजे मादाम ओदेतनी, आपल्या सुट्टीच्या दिवशी घर उघडायचं कबूल केलं होतं. बाई नदीपलीकडे लेव्हीला राहत. फेरीबोटीनं यायच्या, मग चढ चढून वर.

सकाळी नाश्त्यालाच साडेनऊ झाले. मग धबधबा. धबधब्यावर प्रत्येक जोडप्याचा वेगळा फोटो. तिथून प्रभानं पहिला फोन केला, "मादाम, आम्हाला साडेबारा होतील." त्यानंतर जेवण, आणि दुसरा फोन, "दीड वाजेल." तिसरा फोन तिनं मॉलच्या पार्किंगमधून केला. पलीकडून ओदेत शांतपणे म्हणाल्या, "मी इथेच आहे." त्या चिडल्या असत्या तर प्रभाला बरं वाटलं असतं.

"नंदकुमार, मॉल आपल्या कार्यक्रमात नव्हता," ती म्हणाली होती.

"ताई, वीसच मिनिटं. लोकांना विंटर जॅकेट्स बघायचीत. डील आहे."

त्या वीस मिनिटांचा सव्वा तास झाला होता.

या जुन्या घरांचं तिला एवढं काय, हे मंडळात कुणाला कळायचं नाही. घरातही नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी ती नागपूरहून आली, तो पहिलाच हिवाळा. नवरा, रविकांत, टेलिकॉम कंपनीत सकाळी सातला जायचा तो रात्री यायचा. दोन वर्षांच्या लेकीला, अबोलीला, स्ट्रोलरमध्ये घालून ती बसनं कुठेतरी जायची, कारण अपार्टमेंटमध्ये भिंतींकडे बघून तिला वेड लागायची पाळी आली होती. एकदा नदीकाठी वाऱ्यानं हैराण झाली, म्हणून समोर दिसलेल्या दगडी घराचं दार तिनं ढकललं. ते म्युझियम आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. आतल्या बाईनं काही विचारलं नाही, स्टोव्हजवळ खुर्ची सरकवली. तासाभरानं प्रभा उठून घर बघायला लागली. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या. तिनं त्या खोलगट भागात पाऊल ठेवलं, आणि या देशात आल्यापासून पहिल्यांदा तिला वाटलं की इथेही माणसं राहिलीत. रोज खालून वर पाणी नेलंय, पोरांना झोपवलंय, गुडघे धरून जिना उतरलाय.

मग ते व्यसनच लागलं. फार्मसीच्या काउंटरवर एकोणीस वर्षं काम केलं, नदीपलीकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या गॅटिनोहून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी संध्याकाळच्या क्लासला जाऊन फ्रेंच शिकली, आणि जमेल तेव्हा जुनी घरं बघत राहिली. दिवाणखान्यांत तिचा जीव फारसा रमायचा नाही. तिला बघायचं असायचं कोठीघर, कपडे धुवायची जागा, मोलकरणींची खोली, दाराच्या कड्या. रविकांत मात्र एकदाही आत आला नाही. "दुसऱ्याचं स्वयंपाकघर तिकीट काढून काय बघायचं?" हा त्याचा ठरलेला विनोद. पार्टीत तो हा विनोद करायचा, लोक हसायचे, तीही हसायची. मॉन्ट्रियलच्या, किंग्स्टनच्या वाटेवर ऐतिहासिक घराची पाटी दिसली की ती म्हणायची, "थांबायचं का?" आणि तो म्हणायचा, "येताना बघू." येताना अंधार झालेला असायचा.

पावणेतीनला बस एकदाची जुन्या शहराच्या तटाशी येऊन थांबली. नंदकुमारनं माइक हातात घेतला.

"मंडळी, ड्रायव्हरच्या ड्यूटीचे नियम आहेत, साडेतीनला निघावंच लागेल. चाळीस मिनिटं आहेत. मोठ्या हॉटेलसमोर ग्रुप फोटो, आइस्क्रीम, वॉशरूम. ते घर आणि कॅथेड्रल आपण स्किप करतोय. नेक्स्ट टाइम नक्की."

प्रभा उठली. "नंदकुमार, त्या बाई अकरापासून थांबल्यात."

"ताई, फोन करून सॉरी म्हणा ना. व्हॉलंटियर आहेत त्या, समजून घेतील."

"वय चौऱ्याहत्तर आहे त्यांचं. चाळीस माणसं येणार म्हणून आल्यात."

"अहो, पण आता चाळीस माणसांना घेऊन गेलो तर पोचेपर्यंतच वेळ संपेल. प्रॅक्टिकल बघा."

"सकाळपासून प्रॅक्टिकलच बघतेय."

मागून कुणीतरी बाई म्हणाली, "अगं, घरंच तर आहेत. ऑनलाइन फोटो असतात सगळे." कुणी हसलं. प्रभानं त्या हसण्याकडे पाहिलं नाही. तिनं रविकांतकडे पाहिलं. तो चौथ्या रांगेत नव्या जॅकेटची पिशवी पायाशी ठेवून बसला होता.

"तुम्ही येताय?" तिनं विचारलं.

"प्रभा, सीन नको करूस."

"मी विचारलं, येताय का."

"चाळीस मिनिटांत जाऊन येणं होणार नाही. बस चुकेल."

"चुकू दे."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. तिला वाटलं, क्षणभर का होईना, तो उठेल. पिशवीचं हँडल त्यानं हातात घेतलंही होतं. पण ते त्यानं नुसतं नीट केलं आणि पिशवी आणखी आत सरकवली.

प्रभानं पर्स खांद्याला लावली. "नंदकुमार, माझी वाट बघू नका," ती म्हणाली, आणि उतरली.

उताराचा रस्ता, तोही दगडगोट्यांचा. तिच्या गुडघ्यांना तो सोसणारा नव्हता, पण राग असला की माणसाला गुडघे आठवत नाहीत. चालता चालता ती स्वतःशी मराठीत भांडत होती. नंदकुमारला, हसणाऱ्या बाईला, रविकांतला उत्तरं देत होती. सत्तावीस वर्षांत न दिलेली उत्तरं एकामागून एक तोंडाशी येत होती आणि समोर ऐकायला कुणी नव्हतं.

घराचं दार उघडंच होतं. ओदेत उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. लहानखुरी बाई, केस पांढरे, पायात घट्ट बूट. त्यांनी प्रभाच्या मागे रस्त्यावर पाहिलं.

"बाकीचे?"

"बाकीचे येणार नाहीत," प्रभा फ्रेंचमध्ये म्हणाली. "मी माफी मागायला आलेय."

ओदेत उठल्या. तिला आत घेऊन गेल्या. स्वयंपाकघरातल्या लांब टेबलावर चाळीस कप मांडलेले होते. उपडे, चार रांगांत. शेजारी चार मोठे 'शुगर पाय', साखरेचं सारण भरून भाजलेले, फडक्यांखाली झाकलेले. प्रभानं ईमेलमध्ये सहज लिहिलं होतं की आमच्यातले काही जण अंडं खात नाहीत. ओदेतनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, 'अंडी नाहीत'.

प्रभाला तिथे रडू आलं असतं तर एक वेळ चाललं असतं. रडू आलं नाही. तिनं फोन काढला आणि त्या टेबलाचा फोटो घेतला. कप, शुगर पाय, तो कागद. मग कागदाजवळ जाऊन आणखी एक.

"कशाला?" ओदेतनी विचारलं.

"काही लोकांना दाखवायचाय."

"चला," ओदेत म्हणाल्या. "मी घराची माहिती इंग्रजीत पाठ केली होती, दोन आठवडे. आता तुम्हाला फ्रेंचमध्ये सांगते. तुमचं नशीब."

पुढचे दोन तास प्रभा आयुष्यभर विसरणार नाही. दोरीपलीकडे जाऊ नये अशा पाट्या होत्या, ओदेतनी दोरीच काढून बाजूला ठेवली. हातभर जाडीच्या भिंती. एकामागे एक अशा दोन खिडक्या. आतली दर हिवाळ्यापूर्वी बसवायची आणि मधल्या फटीत कापडाच्या चिंध्या ठासायच्या. त्या चिंध्या अजून होत्या. कोठीघराच्या दारावर कुणीतरी सुरीनं खुणा केल्या होत्या, कुणाच्या तरी पोराची उंची, आणि एका खुणेनंतर त्या थांबल्या होत्या. "का थांबल्या?" प्रभानं विचारलं. ओदेत म्हणाल्या, "लोकांना मी सांगते, कुटुंब दुसरीकडे गेलं. खरं कुणालाच माहीत नाही." माळ्यावरच्या मोलकरणीच्या खोलीत ताठ उभं राहता येत नव्हतं. तिच्या एवढ्याशा खिडकीतून मात्र साऱ्या घरातून कुठूनही दिसणार नाही अशी नदी दिसत होती. दोघी तिथे वाकूनच उभ्या राहिल्या.

खाली आल्यावर त्यांनी शुगर पाय खाल्ला. गोड, दाट. प्रभानं दोन तुकडे घेतले. फोन पर्समध्ये सारखा थरथरत होता. शेवटी तिनं उचलला. अबोली होती, टोरोंटोहून.

"आई, आर यू सिरियस? बाबा इज फ्रीकिंग आउट. बस गेली. ही सेज यू जस्ट वॉक्ड ऑफ."

"बाबा बसमध्ये आहेत ना?"

"हो, ही इज ऑन द बस."

"मग ठीक आहे. मी हरवले नाही, अबोली. मी कुठे आहे हे त्यांना माहीत होतं."

 मग अबोली म्हणाली, "दॅट्स फेअर," आणि हॉटेल बुक करून देऊ का म्हणून विचारलं.

दुसऱ्या सकाळी प्रभा कॅथेड्रलमध्ये गेली. कुणी घाई करणारं नव्हतं. सोनेरी कमानीखाली, मागच्या बाकावर ती तासभर बसली. वर कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं, एकच ओळ चुकत होती, पुन्हा सुरू होत होती. तिचा राग तसाच होता. पण त्या एवढ्या मोठ्या जागेत तो तिला नीट बघता येत होता. नंदकुमारवरचा राग त्यात थोडाच होता.

ती ट्रेननं घरी आली. रविकांत स्टेशनवर आला होता. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "चाळीस लोकांसमोर माझी काय अवस्था केलीस."

"चाळीस लोकांसमोर तुम्ही बसून राहिलात."

"मी काय करायला हवं होतं?"

"उठायला हवं होतं," ती म्हणाली. "एवढंच."



मंडळाच्या जूनमधल्या सभेत तिनं मागणी केली की ओदेतना मंडळाच्या नावानं माफीचं पत्र जावं. नंदकुमार म्हणाला, "ताई, तुम्ही गेला होतात ना, सांगितलंत ना. विषय संपला." प्रभानं फोन प्रोजेक्टरला जोडला आणि चाळीस कपांचा तो फोटो पडद्यावर लावला. कागदावरची अक्षरं सगळ्यांना वाचता येत होती. तिनं भाषण केलं नाही. खुर्चीत जाऊन बसली आणि फोटो तसाच राहू दिला. पुढचा विषय गणपतीच्या हॉलचा होता, तो त्या फोटोखालीच झाला. पत्र दुसऱ्या दिवशी गेलं. नंदकुमारनं स्वतः लिहिलं आणि फ्रेंच तपासायला प्रभाकडे पाठवलं. तिनं सहा चुका काढून परत पाठवलं.

सभेनंतर चार बायका आणि एक निवृत्त प्रोफेसर तिच्याकडे आले. "आम्हाला न्याल का?" बसमध्ये हसलेली बाईही त्यांत होती. प्रभाला वाटलं, नाही म्हणावं. नाही म्हणाली नाही. "उशीर करणाऱ्यासाठी थांबणार नाही," एवढंच बजावलं. सप्टेंबरात किंग्स्टनला जायचं ठरलं. चुनखडीच्या दगडाचं शहर, दोन कॅथेड्रल, तीन जुनी घरं. सात सीटची व्हॅन घेतली. चालवणार प्रभा.

स्वयंपाकघराच्या फ्रिजवर तिनं नावांची यादी लावली होती. जाण्याच्या आठवड्यात एका सकाळी तिला दिसलं, तिच्यासकट सहा नावांखाली रविकांतच्या अक्षरात सातवं नाव होतं, त्याचं स्वतःचं. पेनानं, नीट. तो टेबलाशी टोस्ट खात होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

प्रभानं पेन घेतलं आणि त्या नावापुढे लिहिलं, 'वेटिंग लिस्ट'.

"सीट तर आहे," तो म्हणाला.

"आहे."

"मग?"

"येताना बघू," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी सातला पाचही जण दारात हजर होते. रविकांत ड्राइव्हवेमध्ये चपला घालून उभा होता, हात खिशात. प्रभानं पाण्याच्या बाटल्या आणि डब्यांची पिशवी सातव्या सीटवर ठेवली, तिला बेल्ट लावला, आणि व्हॅन रिव्हर्स घेतली.