मामांचे साडेतीन हात

सरळ प्रश्नाला माझ्या आत्याच्या यजमानांइतकं लांब उत्तर देणारा माणूस सातारा-सांगलीच्या मुलखात झाला नसेल. आम्ही मुलं त्यांना मामा म्हणायचो. मोजणी खात्यात त्यांनी जन्मभर शेतांवरून साखळी ओढली आणि नोकरी सुटली तरी मोजणं काही सुटलं नाही. कोटाच्या एका खिशात फुटपट्टी, दुसऱ्यात गाठी मारलेली सुतळी. एकदा पाटणच्या फाट्यावर एका गाडीवानानं "गाव किती लांब हाय?" एवढंच विचारलं. मामांनी कोस सांगितले, कोसांचे मैल केले, मैलांचे फर्लांग केले आणि फर्लांगांचे हात करायला सुतळी काढली, तोवर बैल खाली बसले होते.

हात या मापावर त्यांचा विशेष राग. "हात म्हणजे कुणाचा हात?" हे त्यांचं पालुपद होतं. आत्यासाठी अठरा हातांचं लुगडं घ्यायला सांगलीच्या पेठेत गेले, की प्रत्येक दुकानदाराला कोपर टेकून हात पसरायला लावत आणि ज्याचा सर्वांत लांब त्याच्याकडूनच लुगडं घेत. घरी आत्याच्या हातानं ते वीस भरायचं. "लुगडं न्हाई, तंबू आनलाय," असं म्हणत ती ओचे सावरत बसायची. मामांचं म्हणणं एकच, की ज्याच्या त्याच्या हातानं मोजला तर पैलवान काय आणि कारकून काय, माणूस साडेतीन हातच. हे पटवायला ते पाहुण्यांना जेवणाआधी भिंतीला उभं करत.

लढाईचे दिवस होते. सलग दोन वर्षं विट्याकडच्या आमच्या गावाकडे पाऊस फिरकला नाही, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाळानं बुजलेली जुनी विहीर उपसायला घेतली. ती आजोबांनी खोदलेली. आजोबा गेले तेव्हा आबा पाळण्यात होते, पण हीच आत्या, त्यांची थोरली बहीण, आठ वर्षांची होती आणि खोदणाऱ्यांना भाकरी न्यायची. नवव्या परसाला पाणी लागलं, हे तिला पक्कं आठवत होतं. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची बोटांपर्यंतची उंची. आबांनी स्वतः उभं राहून दोरीवर परस पाडला. दोरी नऊदा भरली तरी खाली ओलसुद्धा नव्हती. "बैल इकतो आन् सांगलीला हमालीला जातो," आबा म्हणाले. ते असं कधी बोलत नसत, म्हणून आम्ही घाबरलो.

"परस कुणाचा धरला?" मामांनी विचारलं.

"माजा. आनि कुनाचा?"

"पाणी लागलं ते तुमच्या वडिलांच्या परसाला."

आबा चिडले. "आवं दाजी, त्येंची उंची आता कुनाला इचारू? मला त्येंचं तोंडबी ठावं न्हाई."

आजोबांनी हातानं मोजून केलेलं काही उरलंय का, असं मामांनी आत्याला विचारलं. "गोठ्याची चौकट हाय की," ती म्हणाली. "बानं सोताच्या हातानं चार हात उंच धरली व्हती." मामांनी फुटपट्टी लावली. चौऱ्याऐंशी इंच. म्हणजे आजोबांचा हात एकवीस इंचांचा. आबांचा भरला अठरा. माणूस साडेतीन हात आणि वर उचललेला एक, असा परस साडेचार हातांचा, तेव्हा एका परसात साडेतेरा इंच कमी पडले आणि नऊ परसांत दहा फूट दीड इंच. "तेवढं अजून खाली जा," मामा म्हणाले, जसं काही पाणी तिथं त्यांची वाटच बघत बसलं होतं.

आणखी साडेनऊ फुटांवर पाणी लागलं. आबा चिखलात बसून रडले. मामा मात्र फुटपट्टी धरून खिन्न उभे होते, कारण साडेसात इंचांचा हिशोब लागत नव्हता. शेवटी ते म्हणाले, "सासऱ्यांचा खांदा धरत असणार. हात पुरता वर जात नसेल."

आत्यानं आपल्याच खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "व्हय. बैलानं मारलं व्हतं खांद्याला."

त्या संध्याकाळी मामांनी गोठ्याच्या चौकटीवर खिळ्यानं एक रेघ ओढली. आजोबांच्या हातानं साडेतीन हात, म्हणजे सहा फूट दीड इंच. "एवढे होते," ते म्हणाले. आबा रेघेखाली जाऊन उभे राहिले. ती त्यांच्या डोक्यावर चांगली वीतभर होती.

"म्हंजी मला मान वर करून बगाय लागलं असतं," आबा म्हणाले आणि तसेच वर बघत राहिले.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मीटर आले, कोस आणि परस गेले, आणि मामांना आम्ही किती हसलो याची आता लाज वाटते. आबा मात्र शेवटपर्यंत गोठ्यात शिरताना त्या रेघेपाशी थोडे वाकून जात. त्यांना वाकायची काहीच गरज नव्हती.