गाडी किती उचलायची

हिलाल बिन झाहिर हा मुळातच काळजी करणारा माणूस. सोहारच्या बंदरात तो क्रेन चालवायचा. उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून घराएवढे कंटेनर अंडं ठेवावं तसे अलगद ठेवायचा, पण घरून अवेळी फोन आला की सलामाआधीच "काय झालं?" विचारायचा. आठवडाभर तो बंदराजवळच्या खोलीत राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी आपल्या गावी, हैल सिद्रला, यायचा. गावात त्याची आई नसरा, बायको रय्या आणि तीन मुलं. थोरली शमा, म्हणून गावात सगळे त्याला बू शमा म्हणायचे, शमाचा बाप. बायकोही तेच म्हणायची.

हैल सिद्र डोंगरात आहे. खालच्या रुस्ताक शहराहून निघालेलं डांबर अर्ध्यावर संपतं. पुढे ओढ्याच्या पात्रातून, गोट्यांवरून गाडी न्यायची आणि मग कड्यात कोरलेल्या वाटेनं वर चढवायची. हिलाल आपली छोटी गाडी डांबराच्या टोकाला लावून ठेवायचा. तिथून त्याला न्यायला रय्या घरची मोठी गाडी घेऊन यायची. मुलांची शाळा, सासूचा दवाखाना, बाजार, शेळ्यांचा चारा असं सगळं त्या जुन्या, चौकोनी, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीतून व्हायचं, आणि चालवणारी रय्याच.

त्या हिवाळ्यात एके दिवशी रय्या रुस्ताकहून बाजार करून परतत होती. बरोबर सासू आणि मुलं, मागं पीठ, तांदूळ, गॅसच्या टाक्या आणि चाऱ्याचे भारे. ओढ्याच्या मधोमध गाडीचं बूड एका दगडावर बसलं. मागची चाकं नुसती फिरत राहिली. वर डोंगरावर आभाळ काळं झालं होतं. रय्यानं वेळ घालवला नाही. धाकट्याला कडेवर घेतलं, सासूचा हात धरला, बाकीच्यांना पुढं घातलं आणि सगळ्यांना काठावरच्या उंच खडकावर नेऊन बसवलं. गावातली माणसं दोर घेऊन धावली. त्यांनी गाडी ओढून काढली आणि मग लोंढा आला, तपकिरी, दगड खडखडत आणणारा.

फोनवर रय्या पहिल्यांदा म्हणाली ती "आम्ही सगळे ठीक आहोत," हेच. पण हिलालच्या कानात फक्त लोंढा राहिला. त्या दिवशी त्यानं एक कंटेनर भलत्याच रांगेत ठेवला, तेव्हा मुकादमानं त्याला क्रेनवरून उतरवलं आणि घरी जायला सांगितलं.

घरी आल्यावर त्यानं निर्णय सांगून टाकला. एक तर उंच स्प्रिंगा टाकून गाडी चांगली चार इंच उचलून घ्यायची, म्हणजे बूड दगडाला लागणार नाही, नाही तर सगळ्यांनी रुस्ताकला भाड्याच्या घरात राहायला जायचं. आई म्हणाली की तिला रुस्ताकला न्यायचं असेल तर झोपेत न्यावं लागेल. रय्याला काय वाटतं हे कुणी विचारलंही नाही.

चार इंचांचा आकडा खल्फानचा. खल्फान हिलालचा चुलतभाऊ. वाळूच्या टेकड्यांवर गाडी उडवणं हा त्याचा शुक्रवारचा धर्म. त्याची स्वतःची गाडी चार इंच उचललेली, टायर असे की शेजारी उभं राहिलं तर कंबरेपर्यंत यावेत. हिलालच्या गाडीखाली वाकून बघत तो म्हणाला, "हिचं पोट बघ. लग्नाच्या जेवणावरून उठून आल्यासारखी लोंबतेय. चार इंच घे आणि निवांत झोप."

निवांत झोप हे शब्द हिलालला पटले.

रुस्ताकच्या कारखान्यांच्या वस्तीत पीर बख्शचं गॅरेज होतं. बलुची माणूस, तोलूनमापून बोलणारा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं की ही चालवतं कोण, बसतं कोण आणि मागं काय भरतात. हिलाल सांगायला लागला आणि थोड्याच वेळात अडखळला. तो स्वतः या गाडीत बसायचा तेव्हा ती रिकामी असायची. भरलेली गाडी त्यानं कधी ओढ्यातून नेलीच नव्हती.

तेव्हा गाडी चालवत आलेली रय्या खाली उतरली. तिनं पीर बख्शला गाडी खालून बघायच्या खड्ड्यावर घ्यायला सांगितली आणि नवऱ्याला घेऊन खड्ड्यात उतरली. त्याच्या हातात टॉर्च दिली.

"पुढं बघ आधी," ती म्हणाली. "काही दिसतंय?"

पुढं नुसती धूळ होती.

"आता मागं ये."

मागं डिझेलच्या टाकीचं बूड, सायलेन्सर आणि शेपटाकडचा पत्रा ओरखड्यांनी भरला होता. काही जुने, गंजलेले, काही अजून चमकणारे.

"गाडी बुटकी नाही, बू शमा. भरली की मागून बसते. गेलं वर्षभर मी हेच सांगतेय, तू म्हणायचास शॉकअप बदलू."

पीर बख्शनं मान हलवली. मागच्या स्प्रिंगांनी दम सोडलाय, तो म्हणाला. दोन इंच उचला आणि मागं जरा कडक स्प्रिंगा टाका, म्हणजे भरलेली गाडीही सरळ उभी राहील. चार इंचही करून देईन, पण मग पुढच्या आसाचा कोन बदलतो, स्टेअरिंग हातात राहत नाही, त्यासाठी आणखी भाग बदलावे लागतात. शिवाय तुमच्या अम्मांनी गाडीत कसं चढायचं ते तुम्ही ठरवा.

हिलालनं ऐकून घेतलं. पण आठवडाभर बंदरावर त्याला पुन्हा लोंढाच दिसत राहिला आणि दोन इंच म्हणजे हातावरची दोन बोटं, एवढंच त्याच्या मनात येई. शेवटी रय्यानंच मार्ग काढला. खल्फानची गाडी एका शुक्रवारी मागून घेऊ, ती म्हणाली, आणि आपल्या वाटेनं वर नेऊ. तूच चालव.

नमाज आणि जेवण आटोपून ते डांबराच्या टोकाला जमले. नसराही हट्टानं आली. खल्फाननं तिच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती. खुर्चीवर चढून, खालून मुलाचा आणि वरून सुनेचा आधार घेत ती कशीबशी सीटवर पोचली आणि धापा टाकत म्हणाली, "खल्फान, तुझ्या उंटाला बसायला शिकव रे आधी." सगळे हसले. हिलालही हसला, पण कसनुसा.

ओढा गाडीनं सहज ओलांडला. ज्या दगडानं घात केला होता तो खाली कुठं गेला ते कळलंही नाही. खल्फान मागच्या सीटवरून विजयी मुद्रेनं बघत होता. मग कड्याची वाट लागली. तिथं एका वळणावर रस्ता दरीच्या बाजूला कलता आहे. रय्या तिथून रोज जायची आणि त्याबद्दल कधी बोलली नव्हती. उंच गाडी त्या कलावर आली आणि वरचं सगळं वजन दरीकडं झुकलं. खरं तर उलटण्याइतकं काही नव्हतं, खल्फान मागून तसं सांगतही होता. पण काचेतून हिलालला रस्त्याची कड दिसेना. समोर नुसतं आभाळ होतं आणि खाली खजुरीचे शेंडे. रोज उंचावर बसणाऱ्या त्या माणसाच्या तळव्यांना घाम फुटला. मागं आई मोठ्यानं अल्लाचं नाव घ्यायला लागली.

कल संपून रस्ता रुंद झाला तिथं त्यानं गाडी थांबवली. उतरला आणि कड्याला पाठ लावून उभा राहिला. रय्या त्याच्याजवळ पाणी घेऊन आली.

"दगड कधीतरी लागतो," ती हळूच म्हणाली. "हा कल मला रोज दोनदा आहे. मुलं मागं असतात."

"आणि लोंढा?" त्यानं विचारलं. मनात इतके दिवस अडकून बसलेलं एकदाचं बाहेर आलं.

"लोंढ्यापुढं चार इंच काय आणि चाळीस काय! त्या दिवशी आभाळ बघूनही मी निघाले, कारण पीठ संपलं होतं आणि आत्यांना घरी जायचं होतं." सासूला ती आत्या म्हणायची. "आता डोंगरावर ढग दिसले की मी खालीच राहणार. माझ्या बहिणीकडं, रुस्ताकला. तुला तिथूनच फोन करीन. आत्यांनी कितीही कुरकुर केली तरी."

इतके दिवस हिलाल गाडीत शोधत होता ती हमी त्याला आत्ता, या वळणावर, मिळाली होती.

"दोन इंच," तो म्हणाला.

खल्फाननं जरा तोंड वाकडं केलं, पण खाली उतरताना स्वतःची गाडी त्या कलावरून त्यानं रय्यालाच चालवायला दिली.

पीर बख्शनं काम केलं तेव्हा हिलाल रजा टाकून आला होता. गाडी तयार झाल्यावर त्यानं ती लगेच नेली नाही. आधी बाजारातून पीठ, तांदूळ, टाक्या, चारा असं सगळं आणून मागं भरलं, आईला आणि मुलांना बसवलं आणि मग लांब उभं राहून बघितलं. गाडी सरळ उभी होती. नसरा एक पाय पायरीवर टाकून स्वतःच चढली होती, आणि ही गोष्ट ती गॅरेजमधल्या प्रत्येकाला सांगत होती.

रय्या चालवायला बसली, हिलाल तिच्या शेजारी. आभाळ निरभ्र होतं. ओढ्यात शिरल्यावर नसरानं पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. गाडी गोट्यांवरून वरखाली होत पलीकडं गेली. चढ सुरू झाला तरी तिनं पकड सोडली नव्हती.

"दगड यायचाय ना अजून?"

"मागं राहिला, आत्या."

"आवाज नाही आला."

"नाही आला."

मुलं आजीला हसू लागली आणि तीही हसली. कलत्या वळणावर रय्यानं नेहमीसारखा वेग कमी केला. गाडी किंचित झुकली, जेवढी आधीपासून झुकायची तेवढीच, आणि सरळ झाली. कसं वाटलं, हे विचारायला तिनं शेजारी बघितलं तर हिलाल झोपला होता. डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं, हात मांडीवर सैल पडलेले.

अंगणात गाडी थांबली तरी तो उठला नाही. शमा उठवायला गेली तर नसरानं तिला हातानंच थोपवलं. मुलांनी आवाज न करता पिशव्या उतरवल्या. रय्यानं त्याच्या बाजूची काच थोडी खाली केली, वारा यावा म्हणून, आणि ती चुलीकडे कॉफी ठेवायला गेली. नसरा मात्र उतरली नाही. मुलाच्या मागच्या सीटवर ती माळ ओढत बसून राहिली, आणि चाऱ्याच्या वासानं जवळ आलेल्या शेळ्यांना हळू आवाजात हाकलत राहिली.