वेल्डिंगच्या शेडमधलं लाकडी स्टूल

वेल्डिंग मी शिकले ते नवऱ्याजवळ बसायला मिळावं म्हणून. आजही कुणी कौतुकानं विचारलं, की बाई असून ती आग हातात धरायची हिंमत कुठून आली, तर मी मान ताठ करून काहीतरी मोठं सांगते. ते सगळं खोटं. पंचेचाळिशीची एक पोट्टी होती, दोन लेकरांची आई, अर्धे केस पिकलेले, आणि तिला नवऱ्याशेजारी एक स्टूल हवं होतं. एवढंच.

आमच्या ह्यांची उमेदीची सगळी वर्षं कारखान्यांत गेली, शेवटची शहराबाहेरच्या सिलतऱ्याला. पाळीची नोकरी. मी शिवणाच्या मशीनवर बसले की हे झोपलेले, मी पोळ्या लाटायला उठले की हे निघालेले. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमचं बोलणं म्हणजे डबा भरला का, दूध आलं का, कडी लाव. मग नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. बुढापारा मोहल्ल्यातल्या चहावाल्यानंसुद्धा टपरीवर 'राजधानी' रंगवून घेतलं. चारी बाजूंना घरं उठू लागली. घर म्हटलं की फाटक आलं, खिडकीला ग्रिल आली, जिन्याला रेलिंग आली. ह्यांनी नोकरी सोडली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड टाकून स्वतःचं काम सुरू केलं.

मी मनातल्या मनात पेढे वाटले. आता माणूस दिवसभर घरी. स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली की ऐकू जाईल, इतकी जवळ शेड.

पण तिथं पाय ठेवायची सोय नव्हती. "काहून आली इथं? जाय घरात, डोळे जातील." चहा नेला तर, "तिथंच ठेव ओट्यावर." मी ओट्यावर ठेवायची आणि परत यायची. सिलतऱ्याला होते तेव्हा निदान दूर आहेत असं म्हणता तरी यायचं.

एक दिवस मी डोकं चालवलं. लहानपणी ग्रहण बघताना आई म्हणायची, उघड्या डोळ्यांनी बघू नको. म्हणजे झाकलेल्या डोळ्यांनी बघितलं तर चालतं, असा मी अर्थ काढला. विरलेल्या सुती पदराची दुपदरी घडी डोळ्यांवर धरली आणि दाराआड उभी राहून चांगला अर्धा तास नवऱ्याला न्याहाळत राहिले. निळा उजेड, त्यात वाकलेली पाठ, मानेवर घाम. काय सांगू, लग्नातसुद्धा इतकं बघितलं नव्हतं.

संध्याकाळी डोळ्यांत कुणी मूठभर वाळू घातल्यासारखं झालं. शेजारीण धावत आली, "दीदी, आलू काट के रख लो." मी बटाट्याच्या चकत्या ठेवून रडत होते. ह्यांनी त्या उचलून फेकल्या आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. थेंब मिळाले, दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगितलं. ते दोन दिवस हे माझ्या उशाशी बसले. अक्कल बघा माझी: माणूस शेवटी जवळ बसला, तेव्हा मला डोळे उघडता येईनात.

"अवं, पण पाहत काय होती तू?" त्यांनी विचारलं.

"काम पाहत होती."

"काम?"

"हव, काम." तुम्हाला पाहत होते, हे सांगायची लाज वाटली.

त्यांनी माझ्या डोळ्यांत थेंब घातले. मग म्हणाले, "शेडमध्ये रिकाम्या हातानं कोणी बसत नाही. बसायचं असंल तर काम शिक. नाही तर घर बरं."

त्यांना वाटलं असणार, बाई घाबरेल. बाईनं तिसऱ्या दिवशी पदर खोचला.

पहिला धडा पदराचाच. मी माझी फुलाफुलांची नायलॉनची साडी नेसून गेले होते, पाहुणी गेल्यासारखी. त्यांनी एका जुन्या नायलॉनच्या चिंधीवर ठिणगी पाडून दाखवली. चिंधी जळली नाही, वितळली आणि फरशीला चिकटली. "हे अंगाला चिकटलं तर कातडीसंगं निघते." मी उलट पावली घरी गेले. परत आले ती सुती साडीवर त्यांचा कारखान्यातला जाड सुती शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावून, मंगळसूत्र आत, अंगठी आणि बांगड्या देव्हाऱ्यात, पायात त्यांचेच जुने बूट. बुटांत दोन मोजे घातले तरी मी बदकासारखी चालत होते. सगळी गल्ली हसली. मीही हसले, नाही तर रडू आलं असतं.

मग आठ दिवस मशीन चालूच केली नाही. रोज नुसतं बघायचं. वायर कुठं सोलली आहे का. अर्थिंगचा चिमटा ज्या लोखंडावर काम करायचं त्यालाच, गंज घासून, घट्ट लावला आहे का. पायाखाली कोरडी लाकडी फळी आहे का. हातमोजे कोरडे आहेत का. तोंडावरच्या मास्कच्या काळ्या काचेला तडा आहे का. जवळपास थिनरचा डबा, भुसा, चिंध्या नाहीत ना. आणि सगळ्यात आधी, मेन स्विच कुठं आहे. मला डोळे मिटून तिथवर चालायला लावायचे.

"कोणाले करंट लागला तर काय करशील?"

"धरीन ना त्याले."

"मंग दोन तिरड्या निघतील. पहिले स्विच. मंग माणूस."

रोज सकाळी हा प्रश्न, रोज हेच उत्तर द्यायचं. मला वाटायचं, पाढे म्हणून घेऊन राहिले माझ्याकडून, मास्तर.

काडीचं वेल्डिंग, म्हणजे होल्डरमध्ये रॉड धरून करतात ते साधं काम, मला बिलकुल जमलं नाही. रॉड लोखंडाला टेकवून लगेच किंचित उचलायचा असतो. मी टेकवायची आणि तो तिथंच चिकटायचा. मग मी तव्याला चिकटलेला डोसा ओढावा तशी ओढायची. हे मागून म्हणायचे, "मोड, मोड, तोही मोड." महिन्याभरात माझ्या हातून एक ग्रिल झाली. तिची प्रत्येक जोडणी शेणाचा पो थापल्यासारखी. ती त्यांनी आमच्याच मोरीच्या खिडकीला लावली, म्हणाले, "बाहेर नेली तर राजधानी दुसरीकडं हलवतील."

पण स्टूल मिळालं होतं. लाकडी, तीन पायांचं, त्यांच्या डाव्या हाताला.

मग लोकांना चकचकीत स्टीलच्या रेलिंगचं वेड लागलं. ते काम टिगच्या मशीनवर, आमच्याकडं त्याला सगळे आरगॉनच म्हणतात. ह्यांनी मशीन आणली, सोबत त्या आरगॉन गॅसचा उंच सिलिंडर. तो आल्याबरोबर भिंतीला साखळीनं बांधला, दरवाज्याला कुत्रं बांधावं तसा. पडून मानेवरचा व्हॉल्व्ह मोडला तर हा भिंत फोडून जातो, म्हणाले. व्हॉल्व्ह उघडताना समोर नाही, बाजूला उभं राहायचं आणि सावकाश फिरवायचा.

ह्या कामात उजव्या हातात टॉर्च, म्हणजे आग निघते तो दांडा, डाव्या हातात बारीक तार, आणि पायाखाली पेडल. पेडल दाबलं की करंट वाढतो, सोडलं की कमी होतो. ह्यांचा हात आयुष्यभर जाड लोखंडावर चाललेला. ते पेडल असं दाबायचे की स्टीलला भोक पडायचं. टॉर्चच्या तोंडातली टंगस्टनची टोकदार सुई वितळलेल्या धातूत बुडवून बसायचे, मग पुन्हा ग्राइंडरवर तिला टोक काढा. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, सरका जरा.

माझा पाय वीस वर्षं शिवणाच्या मशीनवर होता. ब्लाउजच्या गळ्याला पाय कसा हलका करायचा, हे मला काय कोणी शिकवावं? मी पाय अलगद ठेवला, तार एकेक थेंब आत दिली, आणि मास्क वर केला तर स्टीलवर बारीक मासळीच्या खवल्यांसारखी रेघ, सोनेरी झाक असलेली. हे वाकून बघत राहिले.

"कोणं शिकवलं तुले?"

"टेलरनं."

तेव्हापासून स्टील माझं आणि लोखंड त्यांचं. गिऱ्हाईक विचारायचं, "भैया, रेलिंग दीदी बनाएँगी?" आणि हे ऐटीत म्हणायचे, "मैं बनाऊँ तो आप पछताओगे." मला तर पंखच फुटले. आता मला शेडमधून कोण काढतं? आणि ह्याच मस्तीत मी ते केलं.

मे महिना होता. रायपूरचा मे, पत्र्याची शेड. आरगॉनच्या कामाला पंखा, कूलर काही चालत नाही. वारा लागला की टॉर्चमधून येणारा गॅस उडतो आणि जोडणी काळी पडते. म्हणून हे दोन्हीकडची दारं उघडी ठेवायचे, वरून एक एक्झॉस्ट सावकाश धूर ओढायचा, बस. बंद खोलीत आरगॉन साचला तर न कळता माणूस गुदमरतो, हेही त्यांनी सांगितलेलं. त्या उकाड्यात दुपारी ते फाटकाचं काम करत होते. शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ कोरडे. मला नाही बघवलं. मी स्वतःशी म्हटलं, माझं आरगॉन आज बंद आहे, ह्यांचं काडीचं काम आहे, त्याला थोडा वारा चालतो. सगळं येतं ना आता आपल्याला! आणि बैठकीतला कूलर ओढत शेडच्या दारात आणला. टाकी काठोकाठ भरली, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळीवर पाणी सोडलं, आणि मोठ्या प्रेमानं बटण दाबलं.

ते मास्कमध्ये होते. वारा लागला तसा मान न वळवता म्हणाले, "अरे वा." तेवढंच ऐकून मी तृप्त झाले आणि पन्हं करायला आत गेले.

कूलरची टाकी गळकी होती. बैठकीत तिच्याखाली मी परात ठेवायची, हे मला आठवायला हवं होतं, कारण परात मीच रोज रिकामी करायची. पन्ह्याचा पेला घेऊन आले तर पाणी त्यांच्या फळीखाली पोचलं होतं. हातमोजे घामानं चिंब. ते संपलेला रॉड काढून नवा लावत होते.

आवाज काही झाला नाही. फक्त त्यांचा हात होल्डरभोवती आवळला आणि ते फाटकावर आडवे झाले. मास्क घसरला. तोंड उघडं होतं.

मी धावले. त्यांच्याकडे. हे मला कबूल करायलाच हवं. पेला फेकून, दोन्ही हात पुढे करून, त्या ओल्या फरशीवर त्यांच्याकडे धावले. हात त्यांच्या खांद्यापासून वीतभर होता. आणि मग रोजचा तो पाढा माझ्या तोंडातून आपोआप मोठ्यानं निघाला, "पहिले स्विच." मी वळले. त्यांना तसं सोडून, पाठ करून, भिंतीकडे गेले. आयुष्यात मी इतकं लांब कधी चालले नाही.

स्विच पाडला. ते खाली सरकले, फरशीवर बसते झाले आणि पहिला शब्द बोलले तो शिवी होता. ती मी इथं लिहीत नाही, पण तिच्याइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

दवाखान्यात छातीचा ईसीजी काढला, एक दिवस ठेवून घेतलं. बोटावर भाजलं होतं, बाकी ठीक. घरी आल्यावर आठ दिवस शेड बंद. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज वाट बघायची, आता म्हणतील, जाय घरात. मी मनानं स्टूल सोडलंच होतं. माझा सुती शर्ट धुऊन, घडी करून, पेटीत ठेवला.

नवव्या दिवशी सकाळी ते शेडमध्ये गेले. मी पोळ्या करत होते. आतून हाक आली, "अवं, येऊन नाही राहिली का?"

मी दारात जाऊन उभी राहिले. उंबरा ओलांडला नाही.

"कूलर कोणं आणला?" त्यांनी विचारलं.

"मीनं."

"कायले?"

"तुम्हाले गरम होऊन राहिलं होतं."

ते सिलिंडरची साखळी तपासत होते, माझ्याकडे पाठ. म्हणाले, "सिलतऱ्याले एकाले करंट लागला होता. त्याचा भाऊ बाजूलेच होता. धावला अन् त्यानं त्याले धरलं. दोघंही गेले." साखळीची कडी अडकवून, "मी पाहत होतो तुले. हात आवळला होता पण डोळे उघडे होते. तू आली, अन् वळली." वळून त्यांनी स्टूल आपल्या डाव्या हाताला सरकवलं. "बैस. पण तो कूलर भंगारात दे."

मी शर्ट घालायला घरात पळाले. पोळी तव्यावर कोळसा झाली होती.

त्यानंतर आम्ही पुष्कळ वर्षं त्या शेडमध्ये शेजारी बसलो. लोकांना वाटतं, दिवसभर सोबत म्हणजे खूप बोलणं झालं असेल. कुठलं! दोघांच्या तोंडावर मास्क, कानात मशीनचा आवाज. काळ्या काचेतून नवरा दिसत नाही, फक्त समोरचा तांबूस ठिपका दिसतो. ज्याचं तोंड बघायला मी डोळे जाळून घेतले, त्याच्या शेजारी बसून मी स्टील बघत राहिले.

आता शेड नाही, तेही नाहीत. मला आठवतं ते एकच. आरगॉनची रेघ संपली की टॉर्च लगेच उचलायचा नसतो. पेडल सोडलं, आग विझली, तरी गॅस थोडा वेळ येत राहतो आणि तापलेल्या धातूवर पांघरुणासारखा पडतो. तेवढा वेळ हात तसाच धरून ठेवायचा, नाही तर ती जागा काळी पडते. किती वेळ, ते मशीनवरच्या एका बटणानं ठरवतात. रेलिंगच्या पाइपला पाच-सहा सेकंद पुरे होतात. मी रेघ संपवली की हे आपलं काम थांबवायचे, मास्क वर करायचे आणि माझ्यासाठी मोजायचे. एक, दोन, तीन. मी हलायचं नाही. शेडमध्ये त्यांचे आकडे आणि गॅसचा नुसता सू सू आवाज.

एकदा माझ्या लक्षात आलं, हे पंधरापर्यंत मोजतात आणि गॅस खरंच पंधरापर्यंत येतो. मला आपल्या हुशारीचा गर्व. मी बटण फिरवून सहावर आणलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पंधरावर होतं. मी पुन्हा सहावर. ते पुन्हा पंधरावर.

"अहो, सहाले काम होते," मी शेवटी म्हटलं. "गॅस फुकट जाऊन राहिला ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझा हात हलू नये म्हणून मनगटाखाली आपला तळवा धरला होता.

"जाऊ दे," म्हणाले. "सात. आठ."