पहिला पर्याय परभणी, अट हॉस्टेलची

कॉलेज प्रवेशाची साईट बंद व्हायला अडीच तास उरले होते आणि गंगाधररावांनी मोबाईल शर्टाच्या खिशात टाकून वरून तळहात दाबून धरला होता. त्या मोबाईलवर ओटीपी येणार होता. ओटीपी टाकल्याशिवाय फॉर्म पक्का होत नाही. आणि फॉर्मच्या पहिल्या ओळीत मी परभणी टाकल्याशिवाय तो मोबाईल खिशातून बाहेर येणार नव्हता.

"पहिलं परभणी टाका," ते म्हणाले. "मग मागा काय मागायचं ते."

"गंगाधरराव, फॉर्म तुमच्या लेकीचा आहे."

"लेक माझीच हाय की."

लेक, म्हणजे आरती, शेजारच्या स्टुलावर बसून ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. बारावीला चांगले मार्क होते.

हिंगोलीत एसटी डेपोसमोरच्या रांगेत माझं ऑनलाईन सेंटर आहे. एका जुन्या मशीनवर सुरू केलं, आता दोन कॉम्प्युटर आणि मोठा प्रिंटर आहे. नवऱ्याचं किंवा भावाचं त्यात काही नाही. जागामालक, कागदवाला, इंटरनेटवाला, सगळ्यांशी भांडून मी ते उभं केलं. माझा आवाज रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत जातो असं लोक म्हणतात. जात असेल. इतकी पोरं मी मार्गी लावली, तरी लोकांच्या तोंडी मी अजून 'झेरॉक्सवाल्या बाई'च आहे. ते असो.

आधी हा फॉर्म काय असतो ते सांगते. शेतीशी संबंधित पदवीचे प्रवेश राज्यभर एकत्र होतात. विद्यार्थ्याने आपल्या पसंतीने कॉलेजांची यादी भरायची. कॉम्प्युटर मार्क बघतो आणि यादी वरून खाली वाचत येतो. जिथे जागा बसली तिथे थांबतो. पहिल्याच ओळीतलं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांमधून बाहेर. म्हणून पहिली ओळ फार जपून लिहायची असते. लोकांना मात्र वाटतं, पहिल्या ओळीत हमखास मिळणारं टाकावं आणि खाली हौसेचं. खालची हौस मग कॉम्प्युटर वाचतसुद्धा नाही.

आरतीच्या मार्कांना परभणी जवळजवळ नक्की होती. म्हणजे गंगाधरराव म्हणत होते तसं केलं असतं तर विषय तिथेच संपत होता. ते हट्टा गावचे. हट्ट्याहून परभणी एसटीने तासाभरावर.

तेवढ्यात त्यांना मार्केट यार्डातून फोन आला. त्यांची हळद सौद्याला लागली होती. ते उठले. दारातून परत वळून म्हणाले, "मी येईपर्यंत काही दाबू नका, म्याडम." आणि मोबाईल घेऊन गेले.

मी आरतीकडे खुर्ची वळवली.

"आता सांग. तुला काय पाहिजे?"

"दापोली."

"का?"

"लांब हाय."

एवढं ऐकलं आणि माझा हात माऊसवर गेला. कारण सांगते. मी डिप्लोमा नांदेडला काकांच्या घरी राहून केला. म्हणजे काकूंकडची धुणीभांडी केली, चुलत भावंडांचे डबे भरले आणि उरलेल्या वेळात डिप्लोमा केला. दुसऱ्या वर्षी दोन पेपर राहिले. ते काढता काढता आणखी एक वर्ष गेलं. काका अजूनही लग्नकार्यात भेटले की चारचौघांत म्हणतात, "हिला आम्ही शिकवलं." मी त्यांना एकदाही उत्तर दिलेलं नाही. त्यामुळे कुठलीही पोरगी लांब जायचं म्हणाली की मी कारण विचारत नाही. मी पहिल्या ओळीत दापोली टाकलं.

टाकता टाकता विचारलं, "तिथं कशाला घ्यायचं? कुठला कोर्स?"

"काय बी. लागल ते."

माऊसवरचा हात थांबला. आयुष्यभर घासाघीस केलेल्या माणसाला एक कळतं. 'काहीही चालेल' म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला वस्तू नको असते. ते कशापासून तरी पळत असतं.

"खरं सांग. शिकायचंय काय?"

"अन्न तंत्रज्ञान." आता ती सरळ बसली. "आमच्याकडं हळद शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात आन् पोत्यात भरून देतात. पुढचं सगळं दुसरेच करतात. पावडर, तेल, सगळं. मला ते करायचंय. हट्ट्यातच."

"त्याला चांगलं कुठलं?"

"परभणीचं. मी सगळं वाचलंय."

"मग दापोली कशाला?"

ती पुन्हा ओढणीकडे वळली. "परभणीत आत्या ऱ्हाती."

मला पुढचं विचारावं लागलं नाही, तरी विचारलं. आत्याचं घर तीन खोल्यांचं. आत्या, तिचे यजमान, सासूबाई, शाळेत जाणारी दोन पोरं. गंगाधररावांनी निकालाच्या दिवशीच बहिणीला शब्द देऊन टाकला होता. आत्याने कपाटाचा एक खण रिकामासुद्धा केला होता.

"जाच करते का?" मी विचारलं.

"न्हाई. आत्या लई चांगली हाय. म्हणूनच."

हे मला काकूंच्या बाबतीत कधी म्हणता आलं नसतं. पण मला कळलं.

अर्ध्या तासाने गंगाधरराव आले ते खुशीत. सौदा बरा झाला होता. चहा सांगूनच आत आले आणि त्यांची नजर स्क्रीनवर गेली.

"हे काहून? दापोली कोणी टाकलं?"

"मी टाकलं."

"म्याडम, दापोली कुठं हाय म्हाईत हाय का? समुद्राला टेकून हाय. लेकरू आजारी पडलं तर मी पोचेपर्यंत बरं होऊन जाईल."

"मग चांगलंच की."

"मजाक करू नका."

माझा आवाज रसवंतीपर्यंत गेला तो इथे. मी म्हटलं, तुम्ही हळद विकताना व्यापाऱ्याला बोली लावू देता, पोटच्या पोरीला तोंड उघडू देत नाही. ते म्हणाले, हळदीला यस्टीत कोणी तरास देत न्हाई. मी म्हटलं, परभणीच्या एसटीत देवमाणसं बसतात का? झेरॉक्सला आलेली दोन माणसं झेरॉक्स झाल्यावरही हलली नाहीत. चहा आला आणि तसाच गार झाला.

मग मी खुर्ची मागे घेतली आणि भाव बदलला.

"बरं. पहिलं परभणी टाकते. अन्न तंत्रज्ञान. पण राहणार हॉस्टेलला."

गंगाधररावांचा चेहरा दापोलीपेक्षा जास्त पडला. "आन् आक्काला काय सांगू? सख्खी आत्या गावात असताना लेकरू हॉस्टेलात? ती माझ्या दारात पाय ठेवणार न्हाई."

"मग दापोली."

"मग ओटीपी न्हाई."

माऊस माझ्याकडे, मोबाईल त्यांच्याकडे. साईट बंद व्हायला दीड तास. एका माणसाला मी भांडून गप्प करू शकते, पण इथे अडचण त्यांची नव्हती. त्यांच्या बहिणीची होती आणि ती परभणीत बसली होती.

"आक्कांना फोन लावा," मी म्हटलं.

"मी न्हाई बोलणार."

"मी बोलते. तुम्ही फक्त लावा. स्पीकरवर."

मोबाईल पहिल्यांदा माझ्यापुढे आला.

"हॅलो, आक्का, मी हिंगोलीहून बोलते. आरतीचा फॉर्म भरते ती."

"झेरॉक्सवाल्या का? बोला बाई."

मी राग गिळला. म्हटलं, आरती परभणीलाच येते आहे. पण सकाळी लवकर वर्ग, संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळा. कॅम्पसमध्ये हॉस्टेल आहे. तुमच्या घरापासून दोन ऑटो बदलावे लागतील.

"ऑटो कशाला? आमच्या ह्यांची गाडी हाय. हे सोडतील."

"रोज सकाळी सातला?"

पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, "कोण सोडतंय? कोणाला?" आक्कांनी फोनवर हात ठेवला असावा, कारण थोडा वेळ फक्त घरघर ऐकू आली.

मग आक्का म्हणाल्या, "आरती हाय का तिथं? द्या तिला."

आरती मोबाईलकडे सरकली.

"काहून गं माय? माझ्याकडं काय तकलीफ हाय तुला?"

गंगाधरराव लेकीकडे बघत होते, आणि मला वाटतं तो प्रश्न त्यांनीही पहिल्यांदाच ऐकला.

"आत्या," आरती म्हणाली, "तू मला काम करू देणार न्हाईस. आन् तू एकटी राबून राहिली असताना मला बसून खाता येणार न्हाई. मग मी करत ऱ्हाणार. आजीचं करीन, पोरांचा अभ्यास घेईन. कोणी सांगितलं न्हाई तरी. माझा अभ्यास राहून जाईल."



"बापाला दे," आक्का म्हणाल्या.

"बोल आक्का."

"गंगाधर, हे मला आधी काहून न्हाई सांगितलं? मी कपाट रिकामं केलं, सासूबाईंची औषधं खिडकीत ठेवली."

"मलाच आत्ता कळालं."

"बाप हायेस का कोण हायेस? त्या बाईला दे परत."

मी म्हटलं, "बोला."

"हॉस्टेल तर हॉस्टेल. पण दर शनिवारी-रविवारी माझ्याकडं."

मला वाटलं, आता हे माझं मैदान. "महिन्यातून एक रविवार."

"बाई, तुमी भाजी घेऊन राहिल्या का?"

"दोन रविवार. त्याच्यावर नाही."

"दोन रविवार. आन् आजारी पडली तर माझ्याकडंच. हॉस्टेलात पडून ऱ्हायची न्हाई."

मी म्हटलं, "मंजूर."

"आन् बुधवारी डबा. हे नेऊन देतील."

"डब्याचं कुठे ठरलं होतं?"

"ठरायचं काय त्यात? डबा पाठवायला तुमची परवानगी लागती का?" फोन बंद झाला.

कागदवाल्यापासून जागामालकापर्यंत सगळ्यांना मी घाम फोडलाय. या बाईने एक गोष्ट सोडली, तीन घेतल्या आणि शेवटचा शब्दही स्वतःकडे ठेवला. आरती तोंडावर ओढणी धरून हसत होती.

गंगाधररावांनी मोबाईल टेबलावर ठेवला. "टाका," ते म्हणाले. "हॉस्टेलला खूण कुठं करायची ते दाखवा, मी बघतो." ते खूण करीपर्यंत वाकून बघत राहिले. आरतीला विचारून दापोली मी चौथ्या ओळीत नेऊन ठेवलं.

पुढचा अर्धा तास साईटने खाल्ला. ओटीपी आला तो त्यांनी वाचून दाखवला, मी टाकला, चुकला म्हणाला. पुन्हा बघितलं तर तो गॅस सिलिंडरचा, आदल्या दिवशीचा होता. नवा मागवला तर स्क्रीनवर चाक फिरत बसलं. मी कॉम्प्युटरला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तिसऱ्या ओटीपीला फॉर्म पक्का झाला. प्रिंट काढून आरतीच्या हातात दिली. तिने ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचली आणि मगच पिशवीत ठेवली.

पहिल्या फेरीची यादी लागली. परभणी, अन्न तंत्रज्ञान, पहिला पर्याय. पुढे हॉस्टेलही मिळालं. गंगाधरराव पेढे घेऊन आले आणि दुकानात बसलेल्या चार माणसांना सांगायला लागले, "मी आधीपासनंच म्हणत होतो, परभणी बराबर हाय, पण हॉस्टेलच पाहिजे." मी पेढा तोंडात होता म्हणून गप्प बसले.

दिवाळीच्या सुट्टीत आरती शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली. मी विचारलं, आत्या दोन रविवारांवर राहतात ना, का जास्त मागतात?

"मीच दर रविवारी जाती," ती म्हणाली. "मेसची भाजी तुमी खाल्ली न्हाई म्हणून विचारून राहिल्या. बुधवारच्या डब्यावर आमी चौघीजणी जेवतो. आत्या आता मोठा डबा पाठवती."

"आणि तिथे गेल्यावर काम?"

"करती की. पण संध्याकाळी हॉस्टेलला परत येती."

दोन रविवारांसाठी मी घसा बसवून घेतला होता. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी गंगाधरराव मोबाईल दुकानात ठेवून गेले असते, आणि ओटीपी माझ्या हातात असता, तर काकांवरचा माझा राग आरतीच्या फॉर्मवर पहिल्या ओळीत बसला असता. दापोलीला काही वाईट झालं नसतं. फक्त हळदीचं राहून गेलं असतं.

आता माझ्या टेबलावर जो कोणी पसंतीक्रम भरायला बसतो, त्याला मी मार्क नंतर विचारते. आधी विचारते, तिकडे नातेवाईक कोण राहतं? पालकांना वाटतं मी सोयरिकीची चौकशी करते आहे. वाटू दे. आत्या, काका, मामा, जे असतील ते मी माझ्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेते, आणि मग पोरांकडे बघून विचारते, "जवळ, की लांब?"