थंड करून राह्यली का रांधून?

आमच्या आईचा विश्वास फक्त स्वतःच्या हातावर. मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, पण पाणी किती तापलंय हे मीटर बघून सांगितलं तर तिला पटत नाही. ती कोपरापर्यंत हात बुडवते आणि मगच बोलते.

आरमोरीकडच्या आमच्या गावात आईच्या बचत गटातल्या बायांनी पुरुषांकडची बोडी, म्हणजे लहान तळं, मासे पाळायला घेतली होती. मागच्या साली आणलेली माशांची नखाएवढी पिल्लं वाटेतल्या उन्हानेच मेली. यंदाही तसंच झालं तर बोडी परत पुरुषांकडे जाणार होती. आई धास्तावली होती. मी फुशारकीने म्हटलं, "मी डबा बनवते."

थर्माकोलच्या डब्याला मी एक चकती बसवली. तिच्यातून वीज एका दिशेने गेली की डबा आतून गार होतो, उलट दिशेने गेली की गरम. ऊन असो की पाऊस, पाणी सारखं राहावं म्हणून दिशा बदलायचं काम ऑप-अ‍ॅम्प नावाच्या, पाण्याचं तापमान जोखणाऱ्या चिपकडे दिलं. मग डबा अंगणात उन्हात ठेवला आणि ऐटीत बटण दाबलं.

थोड्या वेळाने आईने हात घातला आणि झटकन काढला. "काऊन वो, थंड करून राह्यली का रांधून राह्यली? मीठ-मसाला आणू का?"

गटातल्या बाया तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. वीज नेमकी उलटी जात होती, तापलेलं पाणी आणखी तापत होतं. मी चकतीच्या दोन वायरींची अदलाबदल केली. पाणी गार व्हायला लागलं तेव्हा मला नाचावंसं वाटलं, आणि खरं सांगते, मी नाचलेही.

पिल्लं आणायच्या दिवशी परतताना गाडीत मागे आई आणि तिच्याजवळ डबा, आत पाण्यात पिल्लांच्या पिशव्या. वर दोन दिवे, गार करताना हिरवा लागे, गरम करताना लाल. ऊन रणरणत होतं. आई सारखी झाकणाला हात घालायची, मी ओरडायचे. मग सपाटून पाऊस आला, गारठा पडला, आणि हिरवा विझून आपसूक लाल लागला. "पाह्य वो, त्याले समजलं," आई म्हणाली. थोड्या वेळाने मागे वळून पाहिलं, तर डब्यावर डोकं ठेवून ती झोपली होती. मला फार बरं वाटलं.

गावाकडे पावसाचा थेंब नव्हता. पिल्लांना बोडीच्या पाण्याची सवय व्हावी म्हणून पिशव्या आधी तिच्यात तरंगत ठेवल्या, मग तोंडं सोडली. पिल्लं वळवळत चहूकडे पसरली. बायांनी एकच कल्ला केला. आई मात्र कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून उभी.

"पोरी, इथी पाणी गरम हाये," ती म्हणाली. "या बोडीले बी तुया डबा लावून दे."